तिरोडकरांनी धरलेली माणसं

आमच्या ऑफिसात थंड हवेची मशीनं विकली जायची आणि तिरोडकर कायम घामाघूम असायचे. त्यांचं टेबल अगदी दाराशी. दार लागू नये म्हणून खाली एक वीट अडकवलेली. झाडूवाल्याने ती वीट हलवली की चष्म्याच्या वरून बघत विचारायचे, "वीट खंय गेली रे?" शोरूममध्ये गिऱ्हाइकांना दाखवण्यासाठी एक मशीन दिवसभर चालू असे आणि दुपारी आम्ही सगळे काही ना काही निमित्त काढून तिथे घुटमळायचो. तिरोडकर मात्र गळ्याभोवती रुमाल लावून उघड्या दारात, रस्त्याची धूळ खात बसलेले. मी नवीन होतो तेव्हा मला वाटायचं, म्हातारा कोकणातला, त्याला गारठा सोसत नसेल. पन्नाशीच्या माणसाला म्हातारा म्हणण्याचं माझं ते वय होतं.

खिडकीत बसवायचं मशीन त्या काळी उपनगरांत अप्रूपाची चीज होती. अंधेरीपासून मुलुंडपर्यंत ज्या घरांना ते होतं ती घरं टांगेवाल्यांना पाठ होती. डॉक्टर, वकील, पेन्शनीत निघालेले मोठे अंमलदार, असली आमची गिऱ्हाइकं. मशीनची किंमत ऐकून ती दचकत नसत, तेवढी तयारी करूनच आलेली असत. दचकत ती विजेच्या बिलाला. एका वकिलाने मला सरळ विचारलं होतं, "घेईन हो, पण त्याला पोसू कसा?" मी त्याला हत्ती विकतोय असाच त्याचा चेहरा होता. म्हणून आमच्या कंपनीची पद्धत अशी होती की, विक्रीच्या आधी घरी माणूस पाठवायचा, खोली बघायची आणि महिन्याला किती युनिट जळतील याचा अंदाज कागदावर लिहून द्यायचा. तो अंदाज काढणं हे तिरोडकरांचं काम. त्यांच्याबरोबर जाऊन गोड बोलून सौदा पक्का करणं हे माझं.

गोड बोलायला मला फार कमी वाव मिळायचा. तिरोडकर भर दुपारीच जायचे, घरातली जेवणं आटोपल्यावर. आधी बाहेरून फेरी मारायची. पश्चिमेचं ऊन कुठल्या भिंतीवर, वर कौलं की गच्ची, पलीकडे स्वयंपाकघर आहे का, हे बघायचं. कौलांना एखादी मालवणी शिवी मिळायची. मग आत येऊन ते खिडक्या लावून घ्यायला सांगत, पंखा बंद करायला सांगत आणि शेवटी सगळ्या घराची पंचाईत करणारी अट घालत. त्या खोलीत जी माणसं झोपणार त्या सगळ्यांनी आत येऊन बसायचं आणि बोलायचं नाही. एक मशीन आलं की अख्खं घर त्याच खोलीत अंथरुणं घालतं, हे आम्हाला अनुभवाने माहीत होतं, त्यामुळे आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत सगळी गर्दी व्हायची. तिरोडकर मधोमध खुर्ची घेत, काळी टोपी काढून मांडीवर ठेवत आणि डोळे मिटून बसत.

त्या बंद खोलीत घामाच्या धारा लागायच्या. पोरं खिदळायची, बायका पदराने वारा घ्यायच्या, आणि हळूहळू सगळे गप्प व्हायचे. कुणी आपल्याकडे न बघता आपल्याला मोजतंय ही काही सुखाची जाणीव नाही. मला स्वतःलासुद्धा तिथे उगाच खाकरावंसं वाटायचं.

"हे कशाला हो करता?" मी एकदा कंटाळून विचारलं. "कंपनीच्या तक्त्यात माणशी आकडा दिलाय. घरात माणसं किती ते विचारायचं, गुणायचं, मोकळं व्हायचं."

"माणूस म्हणजे शेगडी रे, देवधर. मशीनला अर्धं काम उन्हाचं, अर्धं माणसांचं. लोक सांगतात चार आणि झोपतात सहा. मग बिल आलं की आपल्या नावाने शंख."

"पण डोळे मिटून?"

"डोळ्यांनी माणूस दिसतो. धग दिसत नाही. ती अंगाला लागते, एकेकाची वेगळी."

मी ऑफिसात येऊन त्यांची नक्कल करून दाखवली आणि सगळ्यांना हसवलं. पण त्यांच्या अंदाजावर चहाची पैज लावायला कुणी तयार नसायचं, कारण बिल बहुतेक वेळा त्यांनी सांगितल्याच्या आसपास यायचं.

अंधेरीच्या एका डॉक्टरांकडची गंमत सांगतो. डॉक्टर, त्यांची बायको आणि दोन मुली खोलीत बसल्या होत्या. तिरोडकरांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "पाच." डॉक्टर म्हणाले, "चार. समोर तर बसलोय आम्ही." तिरोडकर ऐकेनात. त्यांनी मान वर करून माळ्याकडे बघितलं. स्टूल लावून मी वर डोकावलो तर घरचा गडी जुन्या गाद्यांवर तोंड उघडं टाकून घोरत होता. त्याची झोपायची जागा परसात होती, पण दुपारची डुलकी तो इथे चोरून काढायचा. डॉक्टरीणबाईंनी त्याचा उद्धार केला, मुली पोट धरून हसल्या आणि त्या भरात डॉक्टरांनी सौद्यावर सही केली. परत येताना मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही सर्कशीत जायला हवं होतं." ऑफिसात सगळे त्यांना भाऊच म्हणत. ते हसले नाहीत. "जास्त लागला म्हणून बरं," एवढंच म्हणाले. त्याचा अर्थ मी तेव्हा विचारला नाही.

त्यांचं घर चेंबूरला होतं. दोन खोल्या आणि पुढे लांबट गॅलरी. मूलबाळ नव्हतं. तिरोडकर वहिनींना दम्याचा त्रास होता, पण हौस दांडगी. रविवारी मला जेवायला बोलवायच्या आणि तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं, सुकं वाढताना नवऱ्याची यथेच्छ टिंगल करायच्या. "आमच्या घरात दोन खोल्या आहेत, एक माझी आणि एक भांड्यांची. हे गॅलरीतले." खरंच, तिरोडकरांचं अंथरूण गॅलरीत असायचं. जेवायलासुद्धा ते उंबऱ्याशी पाट मांडून बसायचे, अर्धे आत अर्धे बाहेर. विचारलं की म्हणायचे, "इथे वारा असतो." वारा कसला, समोर कोळशाची वखार होती. वहिनी खोकत खोकत हसायच्या आणि मीही हसायचो.

मग मुलुंडचं ते प्रकरण झालं.

तिथे एक निवृत्त मामलेदार राहत, नानासाहेब म्हणू त्यांना. सत्तरी उलटलेली, पण रोज सकाळी टेकडीपर्यंत चालून यायचे आणि आवाज असा की फाटकातून ऐकू यावा. मशीनची हौस त्यांनाच. नानासाहेब, त्यांची पत्नी, मुलगा आणि सून असे चौघे खोलीत बसले. नानासाहेब आरामखुर्चीत, पाय पसरून. तिरोडकरांनी डोळे मिटले. नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. मी बघत होतो. त्यांच्या कपाळावर घाम होताच, पण आता त्यांचे ओठही हलायला लागले. मग त्यांनी डोळे उघडून कागदावर माणसांच्या रकान्यात तीन लिहिलं.

सून जवळ बसली होती. "अहो, आम्ही चारजण," ती म्हणाली.

तिरोडकरांनी तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा डोळे मिटले. नानासाहेब मोठ्याने म्हणाले, "झोप लागली काय यांना?" तो गडगडाटी आवाज खोलीत घुमला आणि तिरोडकर दचकले. डोळे न उघडता त्यांनी आवाजाच्या दिशेने तोंड वळवलं आणि तळहात पुढे केला, शेगडीसमोर धरतात तसा. हात तसाच हवेत राहिला. मग घाईघाईने त्यांनी तीनचे चार केले, युनिट लिहिले, टोपी घातली आणि चहा न घेता बाहेर पडले.

मुलुंड स्टेशनच्या नळावर त्यांनी डोक्यावर पाणी ओतून घेतलं. मी चिडलो होतो. म्हटलं, "भाऊ, हा काय तमाशा? असली गिऱ्हाइकं जातील हातची."

"माका चौथा लागलाच नाय रे," ते म्हणाले. "बोलत होता, हसत होता, आणि खुर्चीत धग नव्हती."

"म्हातारं माणूस आहे. रक्त थंड असेल."

त्यावर ते बाकावर बसले आणि मला त्यांच्या धाकट्या भावाची गोष्ट सांगितली. गावी पावसाळ्यात दारं लावून सगळी पोरं एका ओळीत जेवायला बसायची. एका दुपारी शेजारी बसलेल्या भावाची ऊब त्यांना लागेना. भाऊ मजेत भात कालवत होता. दोन दिवसांनी तो विहिरीत सापडला. तेव्हापासून तिरोडकर घरच्या माणसांबरोबर बंद जागेत बसलेले नव्हते.

"परकी माणसं मोजायला भीती वाटायची नाही. ती आपली कुणी नसतात. आज वाटली." मग नळाचं पाणी पुसत ते म्हणाले, "घरी मी आत का बसत नाही, ते आता तुला कळलं. मी बसलो की मोजलं जातं, मी मुद्दाम करत नाही. आणि मला तिला मोजायचं नाही, देवधर. काहीही झालं तरी तिला नाही."

मी त्यांची समजूत घातली. योगायोग, लहानपणचा धक्का, वगैरे. मी त्या काळी स्वतःला मोठा शहाणा समजत असे. मशीन बसलं आणि महिन्याच्या आत नानासाहेब गेले. दुपारी जेवून त्या गार खोलीत आरामखुर्चीत लवंडले होते. घरच्यांना वाटलं, झोपलेत. त्यांच्या अंगावर शाल घालून सगळे संध्याकाळपर्यंत खोलीत दबक्या आवाजात बोलत होते.

सुनेने तो तीनचा चार केलेला आकडा पाहिला होता. तिने तो विसरायचा म्हटलं असतं तरी तिला जमलं नसतं. ती माहेरी घाटकोपरला गेली, तिथे बोलली, आणि हळदीकुंकवातून, देवळातून ही गोष्ट पसरली. आता आम्ही नव्या घरी गेलो की बिल किती येईल हे कुणी विचारत नसे. कागद हातात घेतला की आधी माणसांचा रकाना बघायचे. "किती धरली?" यजमान विचारायचा आणि आकडा बरोबर निघाला की बायका देवाला हात जोडायच्या. एका घरात बाई दारातच आडवी उभी राहिली. मला आत घेतलं आणि त्यांना म्हणाली, "तुम्ही अंगणातच थांबा, राग मानू नका." तिरोडकर पेरूच्या झाडाखाली उभे राहिले. त्यांना सुटल्यासारखं झालं होतं, हे मला दिसत होतं.

सगळ्यांत वाईट ती घाटकोपरची दुपार. एका मोठ्या कुटुंबाने निरोप पाठवला होता. आम्ही गेलो तर अंगणात कुणी नाही, ओसरीवर कुणी नाही. सगळीकडे सामसूम, मे महिन्याचं ऊन आणि माजघराचं लावलेलं दार. मी ते ढकललं. आत खिडक्या बंद करून, पंखा बंद करून, घरची सगळी माणसं भिंतीला पाठ लावून बसली होती. म्हातारे, बाया, पोरं. कुणी बोलत नव्हतं. घामाने सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटलेले. किती वेळ ती तशी बसली होती देव जाणे. मधोमध एक रिकामी खुर्ची मांडलेली होती, आणि एका कोपऱ्यात अंथरुणावर घरचा मोठा मुलगा पडला होता, नुसता हाडांचा सापळा झालेला.

त्याची आई उठून आली. "मशीन नकोय आम्हाला. तुम्ही फक्त बसा," ती तिरोडकरांना म्हणाली. "डॉक्टर काही धड सांगत नाहीत. तुम्ही सांगा."

"बाई, मी विजेचा हिशेब करतो."

"तोच करा. नेहमीसारखा करा. आकडा तेवढा सांगा."

सगळ्या डोळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. त्या आजारी मुलानेसुद्धा. त्या खोलीत मला गुदमरायला झालं, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही आकडा ऐकायचा होता. तिरोडकर उंबऱ्याबाहेरच उभे होते. त्यांनी उंबरा ओलांडला नाही. त्या बाईने वाकून त्यांचे पाय धरले तेव्हा ते मोठ्याने रडायला लागले, तसं रडताना मी मोठ्या माणसाला पाहिलं नव्हतं. पाय सोडवून घेऊन ते जवळजवळ पळतच रस्त्याला लागले. त्या मुलाचं पुढे काय झालं ते आम्ही कुणाला विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी साहेबांना सांगितलं की, आता घरोघर जाणार नाही, टेबलावरचं काय ते काम द्या. साहेबांनाही तेच हवं होतं. अंदाज काढायचं काम माझ्याकडे आलं. मी तक्ता उघडायचो, माणसं किती ते विचारायचो, गुणायचो आणि मोकळा व्हायचो. माझे आकडे चुकायचे. गिऱ्हाइकं भांडायची, पण झोपायची निवांत.

तेवढ्यात मुलुंडचं मशीन परत आलं. नानासाहेबांच्या मुलाने ते टेम्पोत घालून आणून टाकलं आणि पैसेही मागितले नाहीत. मी कारण विचारलं तर म्हणाला, "चालू केलं की आम्ही तिघं एकमेकांकडे बघत नाही. प्रत्येकजण आपला मनातल्या मनात मोजत बसतो."

ते मशीन कुणाला विकणार? साहेब माणूस भला होता. वहिनींचा दमा त्या उन्हाळ्यात बळावला होता, वखारीच्या धुळीने त्यांना श्वास घेववत नव्हता आणि डॉक्टरांनी बंद, गार खोलीत ठेवा म्हणून सांगितलं होतं. साहेबांनी मशीन तिरोडकरांना देऊ केलं. तिरोडकर नको म्हणाले. मी चेंबूरला जाऊन वहिनींना सांगितलं तेव्हा त्यांनी नवऱ्याला गॅलरीतून बोलावून घेतलं.

"का नको म्हणालात?"

"ते मुलुंडचं आहे."

"मुलुंडचं असो नाहीतर वैकुंठातलं. मला श्वास मिळतोय का सांगा."

"मिळेल."

"मग आणा."

मशीन बसलं. बिलाचा अंदाज काढायचा होता, कारण ते पगारातून भागवायचं होतं आणि तिरोडकरांना आधी समजायला हवं होतं. पण त्यांनी तो काढायला साफ नकार दिला. "तू काढ. तक्त्याने काढ," ते गॅलरीतूनच म्हणाले. मी दोन माणसं धरली, गुणाकार केला आणि आकडा सांगितला. मशीन दिवसरात्र चालणार होतं, त्यामुळे आकडा मोठा होता. त्यांनी मान डोलावली. वहिनी आत झोपल्या, बऱ्याच दिवसांनी त्यांना स्वस्थ झोप लागली, आणि तिरोडकर दाराला कान लावून त्यांच्या श्वासाचा आवाज ऐकत बाहेर बसले.

पुढचं आधीच सांगून टाकतो. वहिनींनी त्या वर्षीचे गणपती पाहिले नाहीत. माझी बदली त्यापूर्वीच नागपूरला झाली होती, पत्राने कळलं. तिरोडकरांची आणि माझी पुन्हा भेट झाली नाही. त्यांना मी शेवटचं पाहिलं ते निरोप घ्यायला गेलो त्या दुपारी, पहिलं बिल आलं तेव्हा.

मी जिना चढून गेलो तर ते गॅलरीत भिंतीला टेकून उभे होते आणि हातात बिल होतं. चेहरा राखेसारखा. त्यांनी कागद माझ्यापुढे धरला. मी सांगितलेल्या आकड्यापेक्षा युनिट बरेच कमी होते. माझे अंदाज चुकायचे हे मला ठाऊक होतं, मशीन जुनं होतं, पाऊस लवकर लागला होता, शंभर कारणं असतील. पण त्या शंभर कारणांतलं एकही त्या वेळी मला सुचलं नाही. माझ्याही मनाने तेच गणित केलं. दोनऐवजी एक माणूस धरलं तर आकडा जुळत होता.

"एकाचं आलंय," तिरोडकर म्हणाले. "मी बसलो नाही, डोळे मिटले नाहीत, तुला मोजायला सांगितलं. तरी मोजलंच गेलं रे ते."

माझे हात गार पडले होते. त्या उकाड्यात, समोर कोळशाचे ढीग तापलेले असताना.

दार किलकिलं होतं. आतून वहिनींनी हाक मारली, "कोण, देवधर भावोजी का? आत या."

मी आत गेलो. खोलीत गारवा होता, मशीनची संथ घरघर चालली होती, आणि खिडकीला जाड पडदा. वहिनी खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. आवाज क्षीण झाला होता, पण डोळ्यांतला खट्याळपणा तसाच होता. त्यांनी बाहेरचं सगळं ऐकलं होतं.

"एकाचं बिल आलं म्हणून रडतायत का?" त्या म्हणाल्या.

"नाही वहिनी, ते आपलं..."

"एकाचंच येणार. दुसरं माणूस आत येतंय कुठे?" त्यांना खोकल्याची ढास लागली. ती ओसरल्यावर त्या दाराकडे बघून, बाहेर ऐकू जावं अशा बेताने बोलल्या. "लग्न झाल्यापासून मी या खोलीत एकटी झोपते, भावोजी. यांना वाटतं मला ठाऊक नाही. सासूबाईंनी मला सगळं सांगितलं होतं, ती धाकट्या भावजींची गोष्ट. मी म्हटलं, भितात बिचारे, राहू दे. पण मी मरेन म्हणून मला जन्मभर एकटं ठेवलं, याला काय म्हणायचं?"

मी दाराकडे पाहिलं. तिरोडकर उंबऱ्यापाशी येऊन उभे होते. बिल कुठे पडलं होतं कोण जाणे. एका हाताने त्यांनी चौकट पकडली होती. मला त्यांचा त्या क्षणी भयंकर राग आला आणि तितकीच दयाही आली. दोन पावलांचं अंतर होतं, आणि ते माणूस दरीच्या काठावर असावं तसं उभं होतं.

"या ना हो," वहिनी म्हणाल्या. आता त्यात टिंगल नव्हती. "काय कळायचं ते कळू दे."

ते आत आले. खुर्ची होती, तिच्यावर बसले नाहीत. सरळ खाटेवर, वहिनींच्या पायांशी बसले. टोपी डोक्यावर तशीच. मशीन घरघरत होतं. मला तिथे उभं राहवेना. आपणही चुकून डोळे मिटले तर आपल्याला काय लागेल, या विचाराने मी भराभर मागे सरकत गॅलरीत आलो. दार ओढून घेण्यासाठी वळलो तेव्हा दोघं मला दिसत होते. वहिनींनी पाय थोडे बाजूला घेऊन त्यांना जागा करून दिली होती. त्या त्यांच्या तोंडाकडे निरखून बघत होत्या.

"किती?" त्यांनी विचारलं.

"मोजूक नाय," तिरोडकर म्हणाले.

"मग काय करताय?"

"काय नाय गो. बसलंय तुझ्याकडे."